वरचा पगार आणि खालचा पगार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



न्यासाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने आम्हीही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. अशा प्रसंगी दानधर्म, विद्यादान, समाजऋण यांवर बोलण्याची रीत आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते अमेरिकेतील एका वाणसामानाच्या कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या पगारावर. हा विषय येथे कसा आला, असे कोणासही वाटेल. त्याचे कारण प्रथम सांगतो.

गेल्या साधारण सभेत आपल्या नव्या वसतिगृहासाठी पगारी व्यवस्थापक नेमण्याचा विषय निघाला होता. आजवर हे काम विश्वस्तांनी विनामोबदला केले. यापुढे ते झेपणार नाही, हे सर्वांना मान्य झाले. पगार किती द्यावा यावर मग तासभर चर्चा झाली. अमक्या संस्थेत काय देतात, तमक्या शाळेत काय देतात, बाजारभाव काय आहे, याची चौकशी झाली. परंतु त्याच वसतिगृहात दोन वेळ साठ मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आपण काय देतो, हे त्या तासाभरात एकानेही विचारले नाही. आम्ही गेली बावीस वर्षे न्यासाचे हिशेब तपासीत आलो आहोत. तो आकडा आम्हांला तोंडपाठ होता. तरी आम्हीही तो उच्चारला नाही. घरी गेल्यावर ही गोष्ट मनाला लागून राहिली. मोठ्या व्यवहारात ही चूक कोठवर जाते ते पाहावे, म्हणजे लहान व्यवहारात ती वेळीच ओळखता येईल, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

अमेरिकेच्या ओहायो संस्थानात सिनसिनाटी नावाचे शहर आहे. तेथे १८८३ साली बार्नी क्रोगर या तरुणाने गाठीला असलेल्या ३७२ डॉलरांवर वाणसामानाचे दुकान घातले. त्याचा वेल एवढा वाढला की, आज क्रोगर कंपनीची सुमारे पावणेतीन हजार दुकाने आहेत. कंपनीचे भाग बाजारात विकले जातात. म्हणजे तिचा मालक एक नाही, लक्षावधी भागधारक हेच तिचे मालक. या कंपनीत रॉडनी मॅकमुलेन नावाचे गृहस्थ १९७८ साली, शिकत असताना, फळ्यांवर माल लावणारा अर्धवेळ नोकर म्हणून लागले. पुढे हिशेबखात्यातून चढत चढत २०१४ साली ते कंपनीचे मुख्य कार्याधिकारी झाले आणि २०२५ च्या मार्चपर्यंत त्या पदावर राहिले. हमाली करणाऱ्या मुलाने गादीवर बसावे, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. अशी उदाहरणे आपणही मुलांना सांगत असतो. यात आम्ही काही उणे काढू इच्छीत नाही.

आता आकडे पाहू. अमेरिकेत २०१० साली झालेल्या एका कायद्यान्वये भागबाजारातील कंपन्यांना मुख्य अधिकाऱ्याचा पगार आणि नोकरांचा मधला पगार यांचे प्रमाण जाहीर करावे लागते. प्रत्यक्षात हे आकडे २०१८ पासून छापून येऊ लागले. मधला पगार म्हणजे काय, तर सर्व नोकर पगाराच्या क्रमाने एका रांगेत उभे केले असता बरोबर मध्यावर जो उभा राहील त्याचा पगार. क्रोगर कंपनीचा २०२० सालचा मधला पगार होता २४,६१७ डॉलर. मॅकमुलेन यांचे त्या वर्षीचे एकूण वेतन होते सुमारे २ कोटी २४ लक्ष डॉलर. प्रमाण पडले ९०९ ला १. म्हणजे त्या मधल्या नोकराने साहेबांची एका वर्षाची मिळकत मिळवावयाची म्हटली, तर त्याला ९०९ वर्षे राबावे लागेल. २०२० मधून ९०९ वजा केले की ११११ साल येते. ज्ञानेश्वरमाउलींच्या जन्मापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे त्याने कामाला सुरुवात केली असती, तर महामारीच्या वर्षी त्याचा हिशेब पुरा झाला असता!

हिशेब तपासणाऱ्याने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वाणसामानाच्या दुकानांत अर्धवेळ नोकर फार असतात, आणि त्यांचा पगार पूर्णवेळ धरून वाढवून दाखविण्याची मुभा हा नियम देत नाही. त्यामुळे मधला आकडा खाली येतो. शिवाय साहेबांच्या वेतनातील मोठा भाग रोख नसून कंपनीचे शेअर व कामगिरीवर मिळणारी बक्षिसी या रूपाने असतो. शेअरचा भाव पडला तर हाती येणारी रक्कम कमी होते. हे सर्व खरे. तरीही एक गोष्ट उरतेच. २०१९ साली हेच प्रमाण ७८९ ला १ होते. एका वर्षात साहेबांचे वेतन २ कोटी ११ लक्षांवरून २ कोटी २४ लक्षांवर गेले, आणि मधला पगार २६,७९० वरून २४,६१७ वर उतरला.

आणि ते वर्ष कोणते होते? महामारीचे. उपाहारगृहे बंद, कचेऱ्या बंद, सारे जग घरी बसून जेवीत होते. अशा वेळी वाणसामानाच्या दुकानात विक्री वाढणे ओघानेच आले. कंपनीची वार्षिक विक्री सुमारे १२,२३० कोटी डॉलरांवरून १३,२५० कोटी डॉलरांवर गेली. त्या वेळी तोंडाला फडके बांधून गल्ल्यावर उभे राहणाऱ्या, रात्रपाळीत फळ्या भरणाऱ्या माणसांना 'वीर' म्हणून गौरविण्यात आले, आणि २०२० च्या मार्चअखेरपासून त्यांना तासाला दोन डॉलर जादा देण्यात आले. मेच्या मध्यास ते बंद झाले. नंतर आभार म्हणून पूर्णवेळ नोकरास ४०० व अर्धवेळ नोकरास २०० डॉलर एकरकमी मिळाले. महामारी मात्र मेमध्ये संपली नव्हती, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पुढे २०२१ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील लाँग बीच नगरपालिकेने अशा नोकरांना काही महिने तासाला चार डॉलर जादा द्यावेत असा नियम केला. तेव्हा कंपनीने त्या शहरातील आपली दोन दुकाने बंद करण्याचे जाहीर केले आणि ती बंदही केली. ती दुकाने आधीच नीट चालत नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते.

२०२२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस येथील एका संशोधन संस्थेने तीन संस्थानांतील या कंपनीच्या दहा हजारांहून अधिक नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. पाहणीचा खर्च कामगार संघांनी केला होता, हेही सांगितले पाहिजे. कंपनीने तिच्यावर आक्षेपही घेतला. तिच्यात असे आढळले की, शंभरांतील चौदा नोकर त्या वर्षभरात केव्हा ना केव्हा बेघर होते, आणि चारांतील तिघांना पोटभर अन्नाची शाश्वती नव्हती. दिवसभर धान्याच्या राशींत वावरणाऱ्याला रात्री आपल्या चुलीची चिंता पडावी! आकड्यांबद्दल वाद घालता येईल. एवढ्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले मात्र पुसून टाकता येत नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग साहेबांचा पगार काढून नोकरांत वाटून टाका, म्हणजे झाले! वास्तविक हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे, आणि आम्ही तो केला. त्या वेळी कंपनीत साडेचार लाखांहून अधिक नोकर होते. २ कोटी २४ लक्ष डॉलर त्यांच्यात वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला पन्नास डॉलरही येत नाहीत. चाळीस तासांचा आठवडा धरला, तर तासाला दोन डॉलर जादा याप्रमाणे एका आठवड्याचे ऐंशी होतात. म्हणजे साहेबांचा सबंध पगार वाटून नोकराला त्या जादा पैशांचा एक आठवडाही निघत नाही. जे लोक केवळ वरच्या पगारावर दात ओठ खातात, त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. द्वेषाने कोणाची चूल पेटत नाही.

परंतु याच वर्षी कंपनीने आणखी एक खर्च केला. स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यावर तिने सुमारे १३० कोटी डॉलर वेचले. हीच रक्कम नोकरांत वाटली असती तर दर माणशी अडीच हजार डॉलरांहून अधिक पडली असती. शेअर परत घेतले म्हणजे उरलेल्या शेअरांची संख्या घटते, दर शेअरामागचा नफा फुगतो आणि भाव चढण्यास मदत होते. ज्याच्या वेतनाचा मोठा भाग शेअरांत आहे, त्याला या मार्गात रस वाटणे स्वाभाविक आहे. येथे आपण मुद्द्याच्या मुळाशी आलो. वरच्या पगाराची रक्कम कंपनीच्या थैलीच्या मानाने लहान असते. परंतु तो पगार ज्या मापाने मोजला जातो, ते माप सगळी थैली कोणीकडे वळवावयाची हे ठरविते.

आपल्याकडील जुने उदाहरण घ्या. मुंबईच्या कापडगिरण्या सुरू झाल्या तेव्हा त्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे, आणि पुष्कळ ठिकाणी एजंटांची दलाली तयार मालाच्या पौंडामागे ठरलेली असे. गिरणीला नफा होवो वा तोटा, सूत निघाले की दलाली पिकली. मग एजंटाचे लक्ष नफ्याकडे राहील की वजनाकडे? १८८० नंतरच्या दशकात भागधारकांनी कुरकूर केली, आणि नफ्यावर दलाली घेण्याची पद्धत पुढे आली. माणूस वाईट होता म्हणून नव्हे, माप वाईट होते म्हणून व्यवहार बिघडला होता.

आता हे वरचे पगार ठरवितो कोण? मोठ्या कंपनीत संचालकांची एक वेतन-समिती असते. ती पगारी सल्लागार नेमते. सल्लागार आपल्यासारख्या इतर कंपन्यांची यादी करतात आणि तेथील साहेबांना काय मिळते त्याचे कोष्टक मांडतात. आपला माणूस सरासरीहून खाली असावा, असे कोणत्याच संचालक मंडळाला वाटत नाही. तसे केल्यास आपणच त्याला कमी लेखल्यासारखे होईल. मग प्रत्येक कंपनी आपल्या साहेबाला मध्याच्या थोडे वर बसविते, त्यामुळे मध्यच वर सरकतो, आणि पुढच्या वर्षी सर्वांना पुन्हा वर सरकावे लागते. यात कोणी चोरी करीत नाही. कागद सगळे स्वच्छ असतात. मात्र त्या मेजावर इतर साहेबांचे पगारपत्रक असते, स्वतःच्या नोकरांचे नसते. नजर आजूबाजूला आणि वर जाते. खाली जात नाही.

कायद्याने आवर घालू म्हटले तर तोही कधी उलटतो. अमेरिकेत १९९३ साली असा कर-नियम झाला की, मोठ्या अधिकाऱ्याच्या पगारापैकी दहा लक्ष डॉलरांपर्यंतचीच रक्कम कंपनीला करासाठी खर्च म्हणून धरता येईल. कामगिरीवर अवलंबून असलेल्या वेतनाला मात्र त्यातून सूट. परिणाम काय झाला? पगार दहा लक्षांपाशी थांबला आणि शेअरांच्या रूपाने मिळणारे वेतन त्या वाटेने भरभरून वाढले. ती सूट अखेर २०१७ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली. धरणाला एक दार उघडे ठेवले की पाणी त्याच दाराने जाते.

मालक, म्हणजे भागधारक, जागे असले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. टेस्को ही तेथील सर्वांत मोठी वाणसामानाची कंपनी. जॅक कोहेन यांनी १९१९ साली लंडनच्या बाजारात मांडलेल्या एका गाड्यापासून ती वाढली. २०२० सालच्या तिच्या सभेत साहेबांच्या वेतनाचा अहवाल मताला आला. कंपनीची प्रगती ज्या इतर कंपन्यांशी ताडून बक्षिसी ठरावयाची होती, त्या यादीतून ओकाडो ही झपाट्याने भाव चढलेली कंपनी वेतन-समितीने मागाहून वगळली होती. परीक्षा झाल्यावर पहिला आलेला मुलगा पटावरून काढून टाकला, म्हणजे दुसरा आपोआप पहिला! या फेरफारामुळे मुख्याधिकारी डेव्ह लुइस यांना सुमारे १६ लक्ष पौंड अधिक मिळणार होते. शेकडा सदुसष्ट मते अहवालाच्या विरुद्ध पडली. हे मत तेथील कायद्याप्रमाणे केवळ सल्ल्यादाखल असल्याने पैसे परत आले नाहीत, हेही खरे. परंतु जगजाहीर नापसंती ही लहान गोष्ट नव्हे. ध्यानात घेण्याजोगे हे की, भागधारकांचा राग मापात केलेल्या फेरफारावर होता. दुकानातल्या गल्ल्यावरील नोकराला काय मिळते, हा प्रश्न त्या मतदानापुढे नव्हताच.

तो प्रश्न एका कंपनीने स्वतःहून आपल्यापुढे ठेविला होता. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९८० साली निघालेल्या होल फूड्स या वाणसामानाच्या कंपनीने नियम केला होता की, कोणाही अधिकाऱ्याचा रोख पगार व बक्षिसी मिळून नोकरांच्या सरासरी पगाराच्या ठराविक पटीहून अधिक असू नये. आरंभी ही पट आठ होती. कोणाला काय मिळते हे कोणीही नोकर पाहू शकत असे. पुढे चांगली माणसे दुसरीकडे जातात म्हणून पट वाढवीत वाढवीत २००६ साली ती एकोणीस झाली. त्याच वर्षी संस्थापक जॉन मॅकी यांनी २००७ पासून आपण वर्षाला एकच डॉलर पगार घेऊ असे जाहीर केले. या नियमालाही भोक होतेच: शेअरांच्या रूपाने मिळणारे त्यात धरलेले नव्हते, आणि संस्थापकाजवळ स्वतःचे शेअर होते. २०१७ साली अ‍ॅमेझॉन कंपनीने होल फूड्स विकत घेतली. तरीसुद्धा या प्रयोगाचे मोल आम्ही मोठे मानतो. आठाचे एकोणीस झाले खरे. पण दर वेळी पट वाढविताना 'खाली सरासरी काय आहे' हे बोलावे लागले. वरचा आकडा खालच्या आकड्याला दोरीने बांधलेला होता. दोरी लांब झाली, पण तुटली नाही.

आपल्या देशाकडे पाहिले तर, १९५६ च्या कंपनी कायद्यातच संचालक व व्यवस्थापक यांच्या एकंदर वेतनावर निव्वळ नफ्याच्या शेकडा अकराची मर्यादा होती, आणि मॅनेजिंग एजंटांची पद्धत १९७० साली बंद झाली. २०१३ च्या कायद्यानेही अकराची मर्यादा सार्वजनिक कंपन्यांसाठी कायम ठेविली; विशेष ठराव करून ती ओलांडता येते, ही गोष्ट वेगळी. शिवाय भागबाजारातील प्रत्येक कंपनीने दर संचालकाचे वेतन नोकरांच्या मधल्या पगाराच्या किती पट आहे, ते वार्षिक अहवालात छापावे असेही बंधन घातले. म्हणजे तो आकडा आपल्या घरी येतोच. या सभागृहातील कितीजणांनी तो उघडून पाहिला आहे? आम्ही कोणाला हात वर करावयास सांगत नाही. आपण लाभांश पाहतो, भाव पाहतो आणि अहवाल रद्दीत टाकतो. निवृत्त मंडळींचे पैसे आज म्युच्युअल फंडांच्या द्वारे अशाच कंपन्यांत आहेत. तेव्हा साहेबाचा पगार मंजूर करणारे 'ते' कोणी दूरचे लोक नव्हेत. थोड्याफार प्रमाणात ते आपणच आहोत.

तात्पर्य काय? जबाबदारी मोठी असेल तर मोबदला मोठा असावा, याला आमचा विरोध नाही. पावणेतीन हजार दुकाने चालविणे हे पोरखेळ नव्हे. किती पट योग्य, आठ की वीस की पन्नास, हेही आम्ही येथे सांगू शकणार नाही. तो आकडा कोणत्याही शास्त्रात लिहिलेला नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वरचा पगार ठरविताना खालचे पगारपत्रक त्याच मेजावर, त्याच वेळी, उघडे असले पाहिजे. दोन्ही आकडे एका ओळीत लिहिले म्हणजे माणसाला आपोआप थोडा संकोच वाटतो, आणि व्यवहारात संकोच ही मोठी मौल्यवान वस्तू आहे. पूर्वी वाण्याच्या दुकानात शेठजी आणि गुमास्ता एकाच छपराखाली बसत. गुमास्त्याच्या घरी काय शिजते हे शेठजीला ठाऊक असे. तेव्हाही अन्याय होत. पण तो समोर बसलेल्या माणसाकडे पाहून करावा लागे. आज मेज आणि गल्ला यांच्यामध्ये हजार मैलांचे अंतर पडले आहे. ते अंतर एका ओळीत आणून ठेवणे एवढे त्या प्रमाणाच्या आकड्याने साधते.

आता आपल्या घराकडे वळू. आपला न्यास ही काही क्रोगर कंपनी नव्हे. व्यवस्थापकांना आपण द्याल तो पगार आणि स्वयंपाकीणबाईंचा पगार यांच्यात ९०९ पटींचे अंतर पडण्याची भीती नाही. परंतु पद्धत तीच पडू पाहत होती: बाजूला पाहिले, वर पाहिले, खाली पाहिले नाही. पुढील सभेत हा ठराव पुन्हा येणार आहे. त्या वेळी वसतिगृहातील प्रत्येक नोकराचा पगार ठरावाच्या खालीच छापलेला असावा, अशी सूचना आम्ही आजच देऊन ठेवतो. बाईंचा आकडा आम्ही या व्यासपीठावरून सांगत नाही; तो त्यांचा आहे, त्यांना विचारून सांगावा. व्यवस्थापकांचा पगार त्यामुळे एक रुपयाने कमी करावा असेही आम्ही म्हणत नाही. दोन्ही आकडे वाचून सभेला जे योग्य वाटेल ते सभेने करावे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा न्यास स्थापन केला त्यांनी पहिल्या वर्षाच्या हिशेबात शिपायाच्या धोतरजोडीचा खर्च आणि अध्यक्षांच्या टांग्याचा खर्च लागोपाठच्या दोन ओळींत लिहिलेला आहे. टांग्याची रक्कम अध्यक्षांनी नंतर स्वतः भरली, अशी नोंद समासात आहे. ती वही कार्यालयात आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी अवश्य पाहावी.